सुभेदारांचा तिसरा दगडू

"कोन हाय त्यो मुडदा? आदी भाईर काढा त्याला! माझ्या पोराचा पीटर केला व्हय रं? तुझ्या नावानं आंघोळ करीन मेल्या, हितंच, या गेटाम्होरं!"

आवाज असा, की चिंचवड स्टेशनात उभी असलेली पॅसेंजर शिट्टी झाली समजून हलली, असं आमच्याकडचे लोक अजून शपथेवर सांगतात. मी तितकं म्हणणार नाही. गार्डानं घाईघाईनं झेंडा शोधला, एवढं मात्र खरं.

कारखान्याच्या गेटासमोर चिखलीच्या सगुणाबाई मोरे उभ्या होत्या. हातात पोराचा गेटपास. तो त्यांनी असा धरला होता, जसा घुशीला शेपटीला धरून उकिरड्याकडे नेतात. आमचा गुरखा, ज्याची कुकरी पाहून कुत्री रस्ता बदलत, तो केबिनला आतून कडी घालून बसला होता. आणि ज्याला बाहेर काढायचं तो मुडदा माझ्या शेजारच्या खुर्चीवर, टाइम ऑफिसात, तपकिरीची चिमूट बोटात धरून शांतपणे म्हणत होता, "मधू, बाई चिखलीच्या दिसतात. 'मुडदा'मधला 'ड' ऐकलास? इंद्रायणीच्या अलीकडं इतका कडक ड दुसरीकडं कुठं मिळायचा नाही."

हे सुभेदार काळोखे.

साल पंचावन्न असेल, फार तर छप्पन. आमचा कारखाना छत्रीच्या काड्यांचा. मुंबईच्या कुणा शेटजींनी माळावर पत्र्याची शेड टाकली आणि आसपासच्या गावांतून माणसं नांगर सोडून भोंग्याला यायला लागली. सुभेदार तिथं टाइमकीपर, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. सुभेदार ही पदवी सरकारनं दिलेली नव्हे, आमच्या गेटानं दिलेली. फौजेत ते हवालदार क्लार्क होते. लढाईत इराक, मिसर, इटली करून आले. किती गोळ्या झाडल्या ते ठाऊक नाही. पण त्यांच्या सांगण्यावरून हिशेब केला तर इटली जिंकायला काळोखे आणि एक खेचर एवढंच मनुष्यबळ लागलं. येताना कुणी घड्याळं आणली, कुणी कांबळी आणली. काळोख्यांनी आणलं एक रजिस्टर. पुढच्या अर्ध्यात पलटणीच्या रेशनाच्या याद्या, मागच्या अर्ध्यात नावं. भेटेल त्या माणसाचं नाव, त्याचा मुलूख, आणि नावाचा अर्थ.

"जात विचारली, गाव विचारलं, तरी माणूस कळत नाही," ते म्हणायचे. "नाव विचारावं. नाव म्हणजे आईबापानं देवाकडं केलेला अर्ज असतो. मंजूर झाला की नाही, ते तोंडाकडं बघून आपण ठरवायचं."

रोज तळेगावहून यायचे. मे महिन्यातसुद्धा अंगात खाकी ओव्हरकोट. नवा माणूस भरतीला आला की सुभेदार हात पुढं करून म्हणत, "नाव?" त्यानं नाव सांगितलं की डोळे मिटून पत्र्याकडे तोंड करायचे. वैद्य नाडी बघतो ना, तसं. मग खाडकन डोळे उघडून अर्थ सांगायचे, आणि त्या अर्थाला तो माणूस कुठं कमी पडतो तेही सांगायचे. माझं नाव मधुकर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मधुकर म्हणजे मध करणारा. तू नुसताच गुणगुणणारा दिसतोस. चल, बस."

हे अर्थ पुस्तकातले, ऐकलेले, की त्यांच्या पदरचे, याचा गोंधळ तेव्हाही माझ्या डोक्यात होता आणि आजही आहे. सोमवारी सांगितलेला अर्थ शनिवारी बदलायचा. विचारलं तर म्हणायचे, "नाव तेच आहे रे. माणूस आठवडाभरात बदलला."

गेटाबाहेर पिंपरीच्या छावणीतला टेकचंद चहाची टपरी चालवायचा. सिंधमधलं घरदार सोडून आलेला, चार बांबू आणि एक ताडपत्री एवढाच संसार. सुभेदारांनी त्याला पहिल्याच चहाला सांगितलं, "टेक म्हणजे आधार. आपल्याकडं टेकू म्हणतात, तोच. तुझ्या बापानं तुला घराचा खांब म्हणून ठेवलं."

टेकचंद किटली खाली ठेवून म्हणाला, "साईं, खांबे का घर तो उधर रह गया. मैं तो खुद इस बांबू पे टिका हूँ."

सुभेदारांनी टपरीचा एक बांबू हलवून बघितला. दुसऱ्या दिवशी तळेगावहून येताना खांद्यावर एक जाडजूड वासा घेऊन आले. पॅसेंजरच्या डब्यात तो कसा चढवला, कुणाच्या पगड्या पाडल्या, ते विचारू नका. टपरीच्या मधोमध वासा रोवून दिला. म्हणाले, "आता नावाप्रमाणं राहा." आणि त्या दिवसापासून टेकचंद त्यांच्याकडून चहाचे पैसे घेईना, म्हणून सुभेदारांनी तिथला चहाच सोडला. असला चमत्कारिक माणूस.

दुसरा आमचा फिटर वर्गीस, मलबारकडचा ख्रिश्चन. समुद्राकाठी वाढलेला, बैल त्यानं चित्रातच पाहिलेला. त्याला सुभेदार म्हणाले, "वर्गीस म्हणजेच जॉर्ज. जॉर्ज हे नाव ग्रीकांचं. अर्थ काय? जमीन कसणारा. म्हणजे तू कुणबी!" हे गेटावर उभ्या असलेल्या चाळीस कुणब्यांनी ऐकलं. झालं! त्या दिवसापासून वर्गीस त्यांचा भाऊबंद. "राव, यंदा बाजरी लावावी का भुईमूग?" असं त्याला विचारायचे. एका शनिवारी तर त्याला चाकणच्या बाजारात बैलाची पारख करायला घेऊन गेले. वर्गीस घाबरला. सगळे बैलाच्या तोंडात बघतात म्हणून यानंही वाकून बघितलं, तर बैलानं त्याचं तोंड हनुवटीपासून टाळूपर्यंत चाटून काढलं. वर्गीस कसाबसा म्हणाला, "अच्छा आदमी है." त्या एका शब्दावर बैल घेतला. तो बैल पुढं नऊ वर्षं नांगर ओढत होता, आणि शेवटपर्यंत आजारी पडला नाही. सुभेदारांनी तर बैल गोठ्यात आला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, "बघा! मुलूख बदलला, भाषा बदलली, पण नाव आपलं काम करतं." आता सांगा, यावर काय बोलायचं?

आमच्या लेबर ऑफिसरचं नाव आरावमुदन. आम्हाला ते उच्चारताच येईना, म्हणून नुसतं साहेब म्हणायचो. सुभेदारांनी एकदा भर ऑफिसात सांगितलं, "साहेब, तुमच्या नावाचा अर्थ असा, की कितीही प्यालं तरी पुरेसं वाटत नाही असं अमृत." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मद्रास सोडल्यावर हे सांगणारा पहिला माणूस भेटला, म्हणाले. तेव्हापासून सुभेदारांना सात खून माफ. खात्यात मात्र वेगळीच बातमी पसरली, की साहेब पितात, आणि कितीही प्यायले तरी त्यांना पुरत नाही.

तर आता दगडू.

आमच्या खेड्यांत एक रीत होती. ज्या बाईची पोरं जगत नाहीत, तिनं पुढच्या पोराचं नाव चांगलं ठेवायचं नाही. दगडू, धोंडू, केरबा. म्हणजे पोरं न्यायला जो कोणी येतो त्याला वाटावं, हा तर दगड आहे, केर आहे, हा कशाला उचलायचा? आमच्या हजेरीपटावर अकरा दगडू होते आणि नऊ धोंडू. ती यादी मोठ्यानं वाचली की खडीचा ट्रक ओतल्यासारखा आवाज यायचा. सुभेदार ती वाचताना टोपी काढत. मला वाटायचं, उकडतं म्हणून काढतात.

त्या अकरांपैकी तिघं नावानं नखशिखांत सारखे. दगडू बाबू मोरे, दगडू बाबू मोरे आणि दगडू बाबू मोरे. एक मोशीचा म्हातारा, बॉयलरवर. त्याला सगळे दगडूबाबा म्हणत. दुसरा दिघीचा. तिसरा चिखलीचा, सगुणाबाईंचा एकुलता एक, तेवीस-चोवीस वर्षांचा. बिल्ल्यांवर नंबर होते, पण नंबरानं हाक कोण मारतो? "दगडू मोरे!" म्हटलं की तीन कोपऱ्यांतून "जी!" एकाला ताप आला तर दवाखान्यात सुई दुसऱ्याच्या दंडाला. तिसऱ्यानं रजा मागितली तर पहिल्याला घरी पाठवलेलं. शेवटी माणसं कायम करायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी ठणकावलं, "एका नावाचा एकच माणूस. यादी शुक्रवारी संध्याकाळी मुंबईला जाणार. नावं वेगळी केली नाहीत, तर एकच मोरे कायम होईल, बाकीच्यांना सुट्टी."

दगडूबाबा सगळ्यांत जुने, त्यांचं नाव राहिलं. दिघीचा हसत हसत दिगंबर झाला. उरला चिखलीचा. तो मान खाली घालून म्हणाला, "सुभेदार, आई न्हाई ऐकायची. माझ्या आदी पाच गेली. दगडू म्हणून मी ऱ्हायलो, असं तिला वाटतंय."

"धोंडू?" मी सुचवलं. पण धोंडू बाबू मोरे पॅकिंगला होताच!

सुभेदारांनी चार दिवस रजिस्टर उलटंपालटं केलं. नाव दगडाचंच हवं, पण दगडू नको. मी म्हटलं, "संस्कृतात घ्या की. शैलेश, गिरिधर."

माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्ची मागं सरकवली. "मधू, दगडाला संस्कृत नाव दिलं की त्याची मूर्ती होते. आणि मूर्ती कोणीही उचलून नेतं. त्या बाईला फेकण्याजोगा दगड पाहिजे."

गुरुवारी ओरडले, "सापडला!" इटलीत एका गवंड्याच्या घरी त्यांचा मुक्काम पडला होता. गवंड्याचं नाव पिएत्रो. त्यानं भिंत रचता रचता हातातला धोंडा दाखवून सांगितलं होतं, हे माझं नाव. इंग्रजीत त्याचाच पीटर. पीटर म्हणजे दगड. सुभेदारांनी यादीत लिहिलं, पीटर बाबू मोरे. अर्थ तोच, यादी स्वच्छ, पोरगा कायम. नवा गेटपासही त्याच दुपारी हातात दिला. इतके खूश, की मला तपकीर देऊ केली.

शुक्रवारी सकाळी चिखलीच्या मास्तरांनी तो गेटपास वाचून दाखवला. आणि दुपारी तीन वाजता सगुणाबाई गेटावर.

सुभेदारांनी त्यांना सन्मानानं आत बोलावलं, स्वतःची खुर्ची दिली. त्या जमिनीवर बसल्या. पोरगाही आला, हात तेलानं काळे. भोवती निम्मं खातं गोळा.

"बाटवला माझ्या पोराला!"

"बाटवला नाही आई. नाव तेच आहे. पीटर म्हणजे दगडच."

"मला येडी समजतोस व्हय? दगडाचं नाव आसं गुळमाट आसतंय? सायबाच्या कुत्र्यावानी? त्ये नाव ऐकून कुनीबी वळून बघंल. माझ्या पोराकडं कुनी वळून बघायला नगं!"

मग सगळं माझ्या लक्षात आलं. बाटण्याची भीती वरवरची होती. खरी भीती नाव गोड असण्याची.

"साक्षीदार आणतो," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी वर्गीसला हाक मारली. वर्गीस हात पुसत आला. "सांग, तुमच्यात पीटर म्हणजे काय?"

"पत्थर," वर्गीस म्हणाला. "बराबर. पत्थर."

बाईंचा चेहरा जरा सैल झाला. पोरगा हसला. सुभेदारांनी तपकिरीची डबी काढली. आणि इथंच आमच्या कुणब्याच्या अंगात उत्साह आला.

"लेकिन छोटा पत्थर नहीं, आई. बहुत बडा पत्थर! भगवान ने खुद पसंद किया. बोला, इसके ऊपर मेरा मंदिर बनेगा."

सुभेदारांनी तपकिरीची डबी न उघडताच परत खिशात टाकली.

सगुणाबाई उठल्या. आता त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "म्हंजी द्येवानं निवडून उचललेला दगड," त्या हळू म्हणाल्या. "पाच उचलली त्यानं माझी. आनि तुमी ह्याला नेमका त्योच दगड केलात?"

 सुभेदारांनी रजिस्टर उघडलं, मिटलं, परत उघडलं. "गवंड्यानं देवळाचं सांगितलं नव्हतं," ते माझ्याकडे वळून म्हणाले, जणू चूक माझी होती. "त्याला बापड्याला दगड म्हणजे दगडच. मीसुद्धा पुढं विचारलं नाही."

"आये," पोरगा म्हणाला, "पाचाला यादी जातीया. कायम होऊ दे की. नाव कागदावरच हाय."

"कागदावरचंच वाचून न्हेतो त्यो. नगं मला तुझं कायम. घरी चल, श्यान काढ, पर दगडू ऱ्हा."

बाई काही खोटं बोलत नव्हत्या, त्या खरंच नेणार होत्या त्याला. आणि पोराला घरी दीड बिघा मुरमाड जमीन. घड्याळात सव्वाचार झाले होते. साहेब दोनदा दारातून डोकावून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी नुसतं घड्याळ दाखवलं. मला तर आता कोण बरोबर नि कोण चूक तेच कळेनासं झालं होतं. सुभेदारांचा अर्थ खरा, वर्गीसचा अर्थ खरा, आणि बाईंची भीती त्या दोन्हींपेक्षा खरी.

तेवढ्यात गर्दीतून दगडूबाबा पुढं आले. मोशीचे, बॉयलरवरचे. गळ्यात तुळशीची माळ, भुवया बॉयलरनं जाळलेल्या.

"सुभेदार, त्ये पीटर मला द्या. माझं दगडू त्या पोराला द्या."

"बाबा, तुमचीही आई…"

"ती जाऊन तीस वर्सं झाली. माझ्यावर ज्याला डोळा ठेवायचा हुता त्यानं ठिवला, आनि कटाळून गेला." त्यांनी जरा विचार केला. "पर दगडच ना? नक्की?"

"दगडच. पण वर देऊळ आहे म्हणतात."

"आसू द्या. चार वर्सं बॉयलर सोसलाय, देवळाचं काय येवढं?"

हसायचं की नाही, कुणाला समजेना. सगुणाबाई दगडूबाबांच्या पाया पडायला वाकल्या. त्यांनी पाय मागं घेतले. म्हणाले, "नगं बाई, आता मी पीटर हाय." मग मात्र सगळी शेड हसली. पुढं रिटायर होईपर्यंत ते हजेरीपटावर पीटर बाबू मोरे होते, माळेसकट. बाहेरचे इन्स्पेक्टर आले की त्यांना बघून चष्मा पुसायचे.

साहेब म्हणाले, नावांची अदलाबदल झाली, तर चुकीनं लिहिल्याचा कागद हवा, आणि पोराच्या बाजूनं आईचा अंगठा. पाचाला दहा कमी. मी कागद भराभर लिहून काढला.

सुभेदार त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच नोकरी सोडून गेले. तळेगावात त्यांच्या घरी मी एकदा गेलो, तेव्हा रजिस्टर दिसलं नाही; कुठं आहे विचारायचं राहून गेलं. लोक त्यांच्या आठवणी काढतात तेव्हा बैल सांगतात, वासा सांगतात, पीटरबाबा सांगतात. मला ते दिसतात त्या कागदावर वाकलेले. ओव्हरकोटाची बाही कोपरापर्यंत सारलेली, सगुणाबाईंचा अंगठा स्वतःच्या हातानं शाईवर टेकवणारे. सांभाळून, एखाद्या कमांडिंग ऑफिसरची सही घ्यावी तसे.

"अंगठा देणाराचं नाव?" त्यांनी विचारलं.

"सगुना बाबू मोरे."

त्यांनी डोळे मिटून तोंड पत्र्याकडे केलं. त्या घाईतसुद्धा. "सगुणा. छान नाव आहे. गुणांसकट आलेली."

"त्ये सासरचं हाय. लग्नात ठिवलं."

सुभेदारांनी डोळे उघडले. पेन्सिल हातात तशीच. "मग माहेरचं काय होतं, आई?"

बाई अंगठ्याची शाई पदराला पुसत होत्या.

"ध्यानात न्हाई," त्या म्हणाल्या. "उरका लवकर, म्हशीची धार ऱ्हायलीया."